डोंगरात पाणी मुरवायचं, तर खर्च कुणी सोसायचा?

प्रश्न : ब्रिटनमध्ये आणि इंडोनेशियात दलदलीच्या जमिनी पूर्ववत करण्यावर अब्जावधी खर्च होतात आणि त्यातून खर्चाच्या कितीतरी पट फायदा निघतो, असं वाचनात आलं. आमच्या जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात टँकर. इथले उघडे पडलेले डोंगर पूर्ववत करायचे म्हटले, तर तो व्यवहार फायद्याचा ठरेल का? की हे फक्त श्रीमंत देशांना परवडतं? (एक शिक्षक, मोखाडा तालुका)

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘फायद्याचा ठरेल’ असंच आहे. पण तो फायदा कुणाच्या पदरात पडतो आणि खर्च कुणाच्या माथी बसतो, हे वेगळं काढल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ नाही. आणि ब्रिटनचं कोष्टक जसंच्या तसं इथे मांडलं, तर आकडे हमखास चुकतील. म्हणून आधी तिथली जमीन काय आहे ते बघू.

जिथे जमीन बारमाही पाण्याखाली असते, तिथे मेलेलं शेवाळ, गवत, मुळं यांच्यापर्यंत हवा पोचत नाही आणि ती पूर्ण कुजत नाहीत. त्यांचे थर साचत जातात, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. हजारो वर्षांनी काळ्या, ओलसर मातीचा जाड थर तयार होतो. त्याला पीट म्हणतात. जगाच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्केच जागा पीटने व्यापली आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून जितका कार्बन आहे, त्याहून जास्त या थरांत अडकलेला आहे. शेतीसाठी चर काढून पाणी वाहून लावलं की थर सुकतो, कुजायला लागतो आणि सुकलेला थर पेटला तर महिनोन् महिने धुमसतो. इंडोनेशियात २०१५ साली जंगलं आणि पीटभूमी मिळून सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली. जागतिक बँकेने त्या देशाचं नुकसान सुमारे १६ अब्ज डॉलर काढलं. त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये तिथे पीटभूमी पूर्ववत करण्यासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणाच उभी राहिली. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये अंदाज मांडला, की देशातली सगळी पीटभूमी सुधारायला ८ ते २२ अब्ज पौंड लागतील आणि पुढच्या शंभर वर्षांत कार्बन वातावरणात न गेल्याचा फायदा सुमारे १०९ अब्ज पौंडांचा असेल. तुम्ही वाचलं ते बहुधा हेच.

भारतात असं पीट निलगिरीच्या उंचावरच्या गवताळ खोऱ्यांत आणि केरळात वेंबनाड सरोवराच्या काठच्या काळ्या जमिनीत आढळतं. जव्हार-मोखाड्यात ते नाही. खाली बेसाल्टचा कातळ, वर तीव्र उतार आणि चार महिने पावसाचे, आठ महिने कोरडे. असल्या जागी बारमाही दलदल टिकत नाही.

मग इथे पाणी धरून कोण ठेवतं? पालापाचोळा, त्याखालची तांबूस माती, त्याखालचा मुरूम आणि मुरमाखालच्या खडकाच्या भेगा. पाऊस हळू उतरला तर या चौघांत मुरतो आणि पुढे हळूहळू खालच्या अंगाला झरा होऊन बाहेर येतो. उतार उघडा असेल तर हेच पाणी ओहोळातून वाघ, पिंजाळ, वैतरणेत जातं आणि जाताना माती घेऊन जातं. उतार उघडे पडण्याचं खापर नागली-वरई पिकवणाऱ्यांवर फोडायची चाल जुनीच आहे. ती मला मान्य नाही. इंग्रजी आमदानीपासून या पट्ट्यातलं इमारती लाकूड कुणी कुणासाठी तोडलं, हे सोडून दिलं आणि फक्त राबासाठी, म्हणजे रोपवाफा भाजायला, छाटलेल्या फांद्या मोजल्या, तर खतावणीचं पहिलंच पान खोटं निघतं.

आता हिशेबाला बसू. पुढचे आकडे एका काल्पनिक पाड्याचे आहेत. तुमच्या गावचे वेगळे निघतील आणि ते तुम्हीच भरायचे आहेत.

पाडा १०० घरांचा, माणसं ५००. झरा आटल्यावर पावसापर्यंतचे १०० दिवस पाण्याचे हाल. माणशी २० लिटर धरले तर रोज १०,००० लिटर, हंगामाला १० लाख लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे १०० टँकर. एका फेरीला २,००० रुपये धरले तर सरकारचा खर्च वर्षाला २ लाख. तो दर वर्षी होतो आणि पहिला पाऊस पडला की त्यातलं काहीही शिल्लक राहत नाही.

दुसऱ्या बाजूला पाऊस. या भागात वर्षाला २,५०० मिलिमीटर हा ठोकताळा धरायला हरकत नाही. एका हेक्टरवर त्याचे होतात अडीच कोटी लिटर. त्यातला शंभरावा हिस्सा जरी आजच्यापेक्षा जादा मुरला, तर अडीच लाख लिटर. कागदावर चार हेक्टर उतार पाड्याचा उन्हाळा काढून देतो. पण मुरलेलं सगळं पाणी आपल्याच झऱ्याला येत नाही. काही दुसऱ्या खोऱ्यात उतरतं, काही झाडं पितात. म्हणून अर्धंच हाती लागेल असं धरू आणि आठ हेक्टर घेऊ.

पाणी मुरवायला त्यावर खोदायचे हेक्टरी ५०० मीटर सलग समतल चर, रुंदी ६० सेंटिमीटर, खोली ३० सेंटिमीटर. माती-मुरूम निघेल ९० घनमीटर. मेमध्ये इथला मुरूम टिकावाला दाद देत नाही. पहिला घाव वरच्या वर सरकतो, दुसऱ्या-तिसऱ्याला ढलपी निघते. तेव्हा माणशी दिवसाला दीड घनमीटरच धरू. साठ मनुष्यदिवस झाले. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. हेक्टरी १८,७२० रुपये, आठ हेक्टरांचे जवळपास दीड लाख. त्यावर दर वर्षीची डागडुजी, कारण चरात गाळ बसतोच. ती धरूनही एका उन्हाळ्याच्या टँकरच्या पैशांत चर खोदून होतात.

हिशेब इतका सरळ आहे तर गावोगाव हे झालं का नाही? कारण खर्चाची सगळ्यात जड बाजू अजून लिहिलीच नाही.

समजा त्या आठ हेक्टरांपैकी काही भाग वरकस आहे आणि त्यावर एक कुटुंब नागली करतं. त्या जागेवर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, पेरणीबंदी आली, तर काय जातं? एकरी चार क्विंटल नागली धरा. २०२५-२६ चा नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये होता. एकरी १९,५४४ रुपयांचं धान्य गेलं. चर खोदायचा खर्च एकरी साडेसात हजारांच्या आसपास. म्हणजे खोदण्याच्या अडीचपट किंमत त्या कुटुंबाने मोजली. यातून बियाणं आणि मेहनत वजा केली तरी मुद्दा हलत नाही, कारण ही नागली बाजारात जात नाही, घरात भाकरी होते. १९९२-९३ साली वावर-वांगणीत बालमृत्यू झाले आणि जव्हारचं नाव देशभर गेलं. त्या तालुक्यात घरच्या धान्याची किंमत नुसत्या हमीभावाने लावणं मला पटत नाही.

यातून माझं मत असं झालं आहे, की चर आणि बंदी वरच्या ओसाड, कुणी न कसणाऱ्या उतारांवर करावी. कसत्या जमिनीवर बंदी नको, तिथे बांध आणि वाडी. बायफ संस्थेने १९८२ मध्ये गुजरातेतल्या वांसद्याला वाडीची सुरुवात केली आणि पुढे जव्हार भागात तेच काम उभं केलं. एक एकर, त्यात आंबा-काजूची कलमं, बांधावर जंगली झाडं आणि मधल्या जागेत नेहमीची नागली, वरई, उडीद. नाबार्डने २००३-०४ पासून आदिवासी विकास निधीतून हा नमुना देशभर नेला. जव्हारचा मोगराही याच वाटेने शेतात आला. आर्थिक अंगाने वाडीची खुबी ही, की झाडं धरेपर्यंतची चार-पाच वर्षं शेत रिकामं राहत नाही. मोगरा तर त्याहून लवकर पैसा देतो.

ही मधली वर्षं हेच डोंगर सुधारण्याचं खरं ओझं आहे. वीस वर्षांनी मिळणाऱ्या एक लाखाची आजची किंमत ४ टक्के दराने साडेपंचेचाळीस हजार होते आणि १० टक्के दराने पंधरा हजारांच्या आत येते. अर्थतज्ज्ञ कुठला दर योग्य यावर वाद घालतात. पण ज्या घराने दिवाळीआधी वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतली आहे, त्याच्यासाठी वीस वर्षांनंतरच्या लाखाची किंमत जवळपास शून्य असते. त्यात त्या माणसाची दूरदृष्टी कमी पडते असं मुळीच नाही. त्याला वाट बघणं परवडत नाही, एवढंच. त्यामुळे मधल्या वर्षांचा भार सरकारी पैशानेच उचलायला हवा. तो गावाने ‘श्रमदान’ म्हणून उचलावा असं जे व्यासपीठावरून सांगतात, त्यांनी आधी भिवंडी-वसईच्या भट्ट्यांवर किती कुटुंबं जातात ते बघून यावं.

मजुरीचीही एक गंमत आहे, नीट समजून घेण्यासारखी. सरकारच्या वहीत ३१२ रुपये हा खर्च. मजुराच्या हातात ती मिळकत. समाज म्हणून हिशेब मांडताना त्या मजुराचा दिवस एरवी कशात गेला असता, ते पाहायचं असतं. दिवस रिकामा गेला असता तर खरा खर्च ३१२ पेक्षा फार कमी. पण चर खोदायचे दिवस डिसेंबर ते मे, आणि नेमके तेव्हाच लोक भट्टीवर. गावात काम वेळेवर निघालं आणि मजुरी कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत मिळाली, तर माणूस थांबतो, पोरं शाळेत राहतात. मजुरी दोन-तीन महिन्यांनी आली, तर पुढच्या वर्षी त्या कामावर कुणी येत नाही. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, देशाच्या कितीतरी आधी. त्यामुळे काम काढायचं कसं हे आपल्या यंत्रणेला शिकवायची गरज नाही.

आणि आता फायद्याच्या बाजूची सगळ्यात मोठी रक्कम, जी कुठल्याही सरकारी वहीत सापडत नाही. झऱ्याच्या खळग्यात पाणी पाझरत असतं. बाई वाटीने उपसते, हंड्यात ओतते, पुन्हा पाझरायची वाट बघते. मागे रांग. घरामागे रोजचे दोन तास धरले, तर १०० घरं, १०० दिवस, २० हजार तास. आठ तासांचा दिवस धरून २,५०० दिवस. ३१२ रुपयांनी ७ लाख ८० हजार. कुणी म्हणेल, त्या वेळात तिला मजुरी मिळालीच असती असं नाही. बरं, निम्मी किंमत धरा. ३ लाख ९० हजार होतात, टँकरच्या खर्चाच्या जवळपास दुप्पट. टँकर आला तरी हे तास पुरते वाचत नाहीत, कारण टँकर विहिरीत ओततो आणि हंडा विहिरीतून शेंदून डोक्यावरूनच घरी जातो. झरा घराजवळ जिवंत राहिला तरच तास वाचतात. या वेळेला शून्य किंमत द्यायची सवय मोडली, तर डोंगर पूर्ववत करणं परवडतं का, या प्रश्नावर फार काळ अडायची वेळ येणार नाही.

प्रश्न : आमच्या पाड्याच्या वरच्या बाजूला दोन वर्षांपूर्वी चर खोदले. झाडं लावली, त्यातली बरीच जगली. झरा मात्र होता तसाच मार्चमध्ये आटतो. पैसा पाण्यात गेला म्हणायचं का? (एक अंगणवाडी सेविका, जव्हार तालुका)

ताई, पैसा वाया गेला असंही म्हणता येत नाही आणि योग्य जागी लागला असंही नाही. माती थांबली, झाडं जगली, हा फायदा झालाच. पण झऱ्यासाठी चर खोदले असतील, तर आधी विचारायला हवं होतं, की या झऱ्याचं पाणी येतं कुठून?

आपला डोंगर लाव्हारसाचे थर एकावर एक बसून झाला आहे. सगळे थर सारखे नसतात. काही जाळीदार, भेगाळलेले असतात. त्यांतून पाणी शिरतं आणि सरकतं. काही घट्ट, अभेद्य. पाणी वरून मुरत येतं, घट्ट थर लागला की खाली जायचं थांबून त्या थराच्या माथ्यावरून आडवं सरकतं आणि तो थर जिथे डोंगराच्या अंगावर उघडा पडतो, तिथे झरा होतो. थराचा कल ज्या दिशेला, पाणी त्या दिशेला. त्यामुळे असं होऊ शकतं की तुमच्या झऱ्याला येणारं पाणी पाड्याच्या डोक्यावरच्या उतारात मुरतच नाही, टेकडीच्या पलीकडच्या अंगाला मुरतं. मग तुम्ही खोदलेल्या चरांचं पाणी दुसऱ्याच ओहोळाला जातं. आडव्या थरांना उभी छेदणारी खडकाची भिंत, जिला भूशास्त्रात डाइक म्हणतात, तीही पाण्याची वाट अडवते किंवा वळवते.

म्हणून खोदण्याआधी भूजलाच्या जाणकाराने डोंगर पायी हिंडून थर बघायला हवेत. पुण्याची अ‍ॅक्वाडॅम ही संस्था हे काम गेली कित्येक वर्षं देशभर शिकवते आहे. सिक्कीमने २००८ पासून ‘धारा विकास’ नावाने हेच केलं: आधी झऱ्याचं मुरणक्षेत्र शोधलं, मग रोजगार हमीच्या पैशांतून तिथेच चर-खड्डे घेतले. जाणकाराच्या दोन-चार दिवसांच्या मेहनतान्याला ‘वरखर्च’ म्हणून कात्री लावतात आणि लाखाचे चर चुकीच्या उतारावर खोदतात. खर्च वाचवण्याची ही सगळ्यात महागडी तऱ्हा आहे.

आणखी एक. ‘होता तसाच’ हे तुम्ही अंदाजाने म्हणता की मोजून? १५ लिटरची बादली झऱ्याखाली धरायची आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजायचं. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, म्हणजे तारीख चुकत नाही. बादली ६० सेकंदांत भरली तर दिवसाला २१,६०० लिटर. वर धरलेल्या शंभर घरांच्या पाड्याला पुरून उरेल. १२० सेकंद लागले तर १०,८००, म्हणजे बेताचं. हे वहीत लिहिलेलं असेल, तर झरा आठ दिवस उशिरा आटला तरी कळतं, आणि पाऊस जास्त झाला म्हणून टिकला की चरांमुळे, हे पुढे पर्जन्याच्या आकड्याशी पडताळता येतं. अंगणवाडीत वजनाची नोंद तुम्ही दर महिन्याला ठेवताच, झऱ्याची वही तुमच्यापेक्षा चांगली कोण ठेवणार? दोन वर्षांत निकाल लावू नका, पण तिसऱ्या वर्षाचे चर कुठे घ्यायचे ते आधी ठरवा.

प्रश्न : आमच्या गावात काही लोक आले होते. झाडं लावा, कार्बनचे पैसे मिळतील म्हणतात. परदेशात दलदलींना मिळतात तसे आम्हाला मिळतील का? (एक तरुण शेतकरी, मोखाडा)

तिथल्याइतके नाही. पीटभूमीत हजारो वर्षांचा कार्बन आधीच साठलेला असतो आणि सुकली की तो बाहेर पडायला लागतो. तिथे पैसे मिळतात ते ही गळती थांबवण्याचे. म्हणून ब्रिटनच्या त्या १०९ अब्जांत कार्बनच आहे. तुमच्या मुरमाड उतारावर असा साठा नाही. तिथे झाड जसं वाढेल तसा कार्बन नव्याने बांधला जाणार, हळूहळू, आणि वणवा लागला तर परत जाणार. एका एकराचं उत्पन्न मोजणी, पडताळणी आणि मधली माणसं यांच्या खर्चातून खाली येईपर्यंत किती उरेल, ते लेखी मागा.

या कार्बनकडे वरकमाई म्हणून बघा, डोंगर सुधारण्याचं कारण म्हणून नको. आणि सही करण्याआधी तीन गोष्टी तपासा: करार किती वर्षांचा, कारण काही करार तीस-चाळीस वर्षांचे असतात, त्या काळात फांदी छाटायला, गुरं चारायला, मोहाची फुलं वेचायला मनाई आहे का, आणि झाडं मेली तर भरपाई कुणी द्यायची. जमीन सामूहिक वनहक्कातली असेल, तर एकट्यादुकट्याच्या सहीने काही होत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्या जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभेकडे दिलं आहे, आणि जव्हार-मोखाडा पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) क्षेत्रात असल्याने तिचा शब्द आणखी वजनाचा आहे. ग्रामसभेत कागद मराठीत वाचून दाखवायला सांगा. वाचून दाखवायची तयारी नसेल, तर त्यांना परत पाठवा.

प्रश्न : आमच्या डोक्यावरून पाणी मुंबईला जातं. डोंगर आम्ही राखायचा आणि पाणी त्यांनी प्यायचं. मुंबईने पैसे द्यायला नकोत का? (एक ग्रामपंचायत सदस्य, मोखाडा तालुका)

द्यायला हवेत, आणि ते उपकार म्हणून नव्हे. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पूर्ण झालं. त्यातून मुंबईला रोज सुमारे ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी मिळतं. मोडक सागर १९५७ चं, अप्पर वैतरणा १९७३ चं. पुढे जव्हार तालुक्यात पिंजाळवर आणि शेजारी वाड्यात गारगाईवर धरणांचे बेत आहेतच. या प्रत्येक धरणाचं आयुष्य त्यात किती गाळ येतो यावर ठरतं आणि गाळ येतो वरच्या उघड्या उतारांवरून. तुमच्या डोंगरावर माती थांबणं हा मुंबईच्या धरणाच्या देखभालीचाच भाग आहे. आज ती देखभाल फुकट होते किंवा होतच नाही.

याला दाखले आहेत. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये कॅट्सकिल डोंगरांतल्या गावांशी करार केला. पाणी गाळण्याचा अवाढव्य कारखाना बांधायला कित्येक अब्ज डॉलर लागले असते. त्याच्या काही अंशात वरच्या गावांतली शेती, सांडपाणी आणि जमीन सुधारून काम भागलं. आपल्याकडे हिमाचलातल्या पालमपूर नगरपरिषदेने २०१० मध्ये बोहलच्या झऱ्यावरचं जंगल राखणाऱ्या गावकऱ्यांना वर्षाला १०,००० रुपये द्यायचं लिहून दिलं. रक्कम अगदी किरकोळ, पण वरच्या गावाचं देणं लागतो हे एका नगरपरिषदेने कागदावर मान्य केलं.

मला सगळ्यांत शिकण्याजोगा वाटतो तो हरियाणातल्या सुखोमाजरीचा दाखला. चंडीगडचा सुखना तलाव गाळाने भरत चालला होता. मृदाशास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा गाळाचा माग काढत वर गेले, तर तो सुखोमाजरीच्या उघड्या टेकड्यांवरून येत होता. टेकड्या उघड्या होत्या गुरांच्या चराईने. चराई बंद करा असं नुसतं सांगून कुणी ऐकत नव्हतं. १९७६ पासून गावातच छोटे मातीचे बंधारे बांधले, आणि त्या पाण्यावर प्रत्येक घराला सारखा वाटा दिला, जमीन नसलेल्यालाही. ज्याला शेत नाही, त्याने आपला वाटा दुसऱ्याला द्यावा आणि मोबदला घ्यावा. तेव्हा कुठे शेळ्या डोंगरावर चढायच्या थांबल्या. भूमिहीनाच्याच शेळ्या जास्त होत्या, त्यालाच वाटा मिळाला नसता तर डोंगर कुणी राखला असता?

तुमच्याकडे किती रक्कम मागायची? एक मोजमाप सुचवतो. मध्य वैतरणेच्या पाण्यावर हजार लिटरमागे एक रुपया धरा. दिवसाला ४ लाख ५५ हजार, वर्षाला १६ कोटी ६० लाख रुपये. वर काढलेल्या दराने यात वर्षाला आठ हजारांहून अधिक हेक्टर उतारावर चर होतात. हा हक्क एकट्या मोखाड्याचा नाही. वैतरणेचं खोरं त्र्यंबक-इगतपुरीपर्यंत आहे, तेव्हा वाटणी खोऱ्यातल्या सगळ्या गावांत करावी लागेल. मुंबईकराच्या बिलात या एका रुपयाने फारसा फरक पडणार नाही.

पण मागणी नुसत्या पैशाची ठेवू नका. मुंबईकडे जाणाऱ्या पाण्याच्या काठच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतो, यात पाणी कुणाच्या हक्काचं हा प्रश्न आहे. ग्रामसभेच्या ठरावात पहिलं कलम पाण्याच्या वाट्याचं घाला: धरणाच्या वरच्या प्रत्येक पाड्याला बारमाही पिण्याचं पाणी आणि वाडीपुरतं सिंचन. दुसरं कलम पैशाचं, आणि ते पैसे पेसा निधीसारखे थेट ग्रामसभेच्या कोषात यावेत, खात्याखात्यांतून झिरपत नकोत. तिसरं कलम भूमिहीन आणि भट्टीवर गेलेल्या घरांचं. ठराव ज्या दिवशी होईल त्या दिवशी ती गावात नसतील, म्हणून सभा होळीच्या दिवसांत ठेवा. भट्टीवर गेलेली माणसं शिमग्याला घरी येतातच.